वाळूवर राहिलेले वाटे

आमच्या महाविद्यालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकेतला सातवा नियम मी लिहिला आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण गोष्ट घडत होती तेव्हा ते मी बरेच दिवस कुणासमोर कबूल केलं नाही. त्यामुळे एका सरळ बाईला जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून माझ्या मनातून जात नाही.

मी मूळचा नांदगावच्या पलीकडचा, भात आणि काजू करणाऱ्या घरातला. मालवणच्या किनाऱ्यावर नोकरीला येऊन वीसएक वर्षं झाली. बायकोही इथलीच, पण समुद्राशी माझं नातं ताटापुरतंच राहिलं. मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात असं ठरलं, की प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने मुलांना घेऊन गावात जायचं, गावाला उपयोगी पडेल असं काम करायचं आणि त्या कामातूनच आपला विषय शिकवायचा. मुलांना त्याचे दोन श्रेयांक. शिक्षकांना ह्यात मदत करायला ‘समुदाय सहभाग कक्ष’ उघडला आणि मला त्याचा समन्वयक केलं. मलाच का, असं विचारल्यावर प्राचार्य म्हणाले, “तुम्ही सगळं मनाला लावून घेता. अशा कामाला असाच माणूस हवा.”

कक्ष म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. अजूनही कपाटामागून मधूनच एखादी कॅरमची सोंगटी निघते. तिथे बसून मी सहकाऱ्यांच्या शंका ऐकायचो. संस्कृतचे सर म्हणायचे, “गावात जाऊन मी करू काय? सुभाषितं म्हणू?” हिशेबशास्त्राचे सर त्याहून व्यवहारी. “गावालाच इकडे बोलावलं तर? आपल्याकडे सभागृह आहे, पंखे आहेत.” मी सगळ्यांना चहा द्यायचो आणि पुस्तिका द्यायचो. ही चाळीस पानांची पुस्तिका मी एका मे महिन्याच्या सुट्टीत पंख्याखाली बसून लिहिली होती. ती लिहिताना मी एकाही गावात गेलो नव्हतो. हीसुद्धा कबुलीच समजा.

सातवा नियम असा होता: ‘समुदायाकडून कोणत्याही स्वरूपाची भेटवस्तू, खाद्यपदार्थ अथवा अन्य लाभ स्वीकारण्यात येऊ नये.’

तो कुठून आला तेही सांगायला हवं. मी स्वतः कॉलेजात असताना आमचं सात दिवसांचं श्रमदान शिबिर एका गावात गेलं होतं. आम्ही तिथे एक गटार खणलं. पुढच्या पावसाळ्यात त्या गटाराने सगळ्या वाडीचं पाणी नेऊन एका म्हातारीच्या गोठ्यात सोडलं. त्याच म्हातारीने आम्हाला सातही दिवस शहाळी पाजली होती आणि निरोपाच्या जेवणाला आपला एकुलता एक कोंबडा कापला होता. त्या कोंबड्याची तंगडी माझ्या पानात आली होती. गोठ्याची बातमी कानावर आली तेव्हापासून ती तंगडी माझ्या पोटात तशीच आहे. पुस्तिका लिहिताना वाटलं, पुढच्या मुलांना तरी ह्या ओझ्यातून सोडवावं. एका कोंबड्यापायी मी सगळ्या जिल्ह्याचा पाहुणचार बंद करून टाकला.

पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारी सबंध महाविद्यालयात एकच व्यक्ती निघाली: संख्याशास्त्राच्या मॅडम. घाटावरच्या, वयाने तिशीच्या आत, अंडंसुद्धा न खाणाऱ्या. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची. त्या वर्षी प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या नेमणुकीच्या फाइलला पूर्ण झालेला समाजप्रकल्प जोडलेला हवा आणि त्यावर गावातल्या प्रतिनिधीचा सहीनिशी अभिप्राय हवा. मॅडम माझ्याकडे आल्या. रापणीच्या संघाचं नाव मीच सुचवलं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूत पाय रोवून ओढत बसतात, तासतासभर. आमच्या जवळच्या किनाऱ्यावर असा एक संघ होता. त्याचा प्रमुख, म्हणजे तांडेल, सत्तरीचा होता. मासळी कमी झाल्याची तक्रार घेऊन तो सरकारी कार्यालयात गेला, की तिथे त्याला सांगत, “आकडे आणा.” आकडे त्याच्याकडे नव्हते. मॅडमकडे आकडे मांडायला सोळा मुलं होती. रोज सकाळी जायचं, किती माणसं ओढायला होती आणि किती मासळी आली ते महिनाभर लिहायचं, सरासरी काढायची, आणि तो कागद तांडेलाच्या हातात द्यायचा. इतका नेमका प्रकल्प माझ्या कक्षात त्याआधी झाला नव्हता. मला फार आनंद झाला होता.

“सर, मला गावाची काही माहिती नाही,” मॅडम म्हणाल्या होत्या.

“पुस्तिकेप्रमाणे चाला,” मी म्हणालो होतो.

पहिल्या दिवशी मी बरोबर जायला हवं होतं. पण त्याच दिवशी ओरोसला एका कार्यशाळेत माझं भाषण होतं. विषय: समाजाशी विश्वासाचं नातं कसं जोडावं. टाळ्या चांगल्या पडल्या.

संध्याकाळी मॅडम कक्षात आल्या त्या उन्हाने लाल होऊन, तळहातांवर फोड घेऊन आणि खुशीत.

“सर, मुलांनी दोर ओढले. मीसुद्धा ओढला. मग त्यांनी वाळूवर माशांचे छोटे छोटे ढीग घातले. मला वाटलं, नमुना निवड चालली आहे. पण सतरा ढीग आमच्यासाठीच होते.”

“मग?”

“मी म्हटलं, आम्हाला घेता येणार नाही, नियम आहे. ते म्हणाले, ‘घे गो बाय, तुमचो वाटो तो.’ मी म्हटलं, नको, आम्ही सेवा करायला आलो आहोत. दोनदा सांगितलं, सर. अगदी नम्रपणे.”

“मग?”

“मग ते काही बोललेच नाहीत. ढीग तिथेच राहिले. नंतर कावळे आले.”

इथे माझ्या हातात एक क्षण होता. माझ्या आईने लावणीला आलेल्या माणसाला कधी न जेवता जाऊ दिलं नाही. न जेवता गेलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरंही व्हायचं. हे मला माहीत होतं. मुलांपैकी निम्मी तर किनाऱ्यावरचीच. त्यांनाही माहीत होतं. पण त्यांचे गुण मॅडमच्या हातात होते आणि मॅडमच्या हातात माझी पुस्तिका होती.

“छान केलंत,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाजात कौतुक.

“सर, किती मान देतात हो इथली माणसं. आज आम्हाला दोराला हातच लावू दिला नाही. देवळातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणून मांडल्या, सतराच्या सतरा. म्हणाले, तुमी बसा, बगा.”

आमच्याकडे माणूस आपला असला की त्याला कुणी खुर्ची देत नाही. तो उंबऱ्यावर बसतो, पायरीवर बसतो, नारळ सोलायला लागतो. खुर्ची मिळते ती तलाठ्याला, नव्या व्याह्याला आणि ज्याच्याशी बोलणं वाढवायचं नाही त्याला. वाळूत सतरा खुर्च्या म्हणजे सतरा जणांना गावाबाहेर काढण्याची अतिशय सभ्य पद्धत होती.

“चहा पण विचारला,” मॅडम सांगत होत्या. “पण सातवा नियम.”

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “दोराक हात लावल्यार वाटो घेवकच होयो. म्हाताऱ्याक घालवन दिल्यासारा झाला ता.”

“नियम आहे तसा.”

“कोणी केल्यान?”

मी पाणी प्यायला उठलो.

पुढचे आठ दिवस सोळा मुलं आणि मॅडम खुर्च्यांवर बसून समुद्र बघत होती. ओल्या वाळूत खुर्च्यांचे पाय हळूहळू रुतायचे, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी सगळा वर्ग उठून खुर्च्या उपटायचा आणि पुन्हा बसायचा. कुणी काही विचारलं, की उत्तरं मिळायची, नाही असं नाही. किती बांगडे आले? “असतले पाच-पन्नास.” ओढायला किती माणसं होती? “होती चार-धा.” काल किती आले होते? “देवाक ठावक.”

मॅडम वही घेऊन माझ्यासमोर बसल्या. “सर, पाच आणि पन्नास ह्यांत दहापट फरक आहे. ह्याची सरासरी मी कशी काढू?” मग म्हणाल्या, “माझं काहीतरी चुकलंय. ते पुस्तिकेत कुठे आहे तेवढं दाखवा. मी दुरुस्त करते.”

मी पुस्तिका उलटसुलट चाळली. जणू ते खरंच तिच्यात कुठेतरी सापडणार होतं.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी प्रकल्पांचा आढावा घेतला. संख्याशास्त्राच्या रकान्यात काहीच नव्हतं. तिथे तांडेलाने कुणाला तरी सांगितलेली गोष्ट फिरत फिरत पोचलीच होती.

“मासळी नाकारली म्हणे,” प्राचार्य म्हणाले. “घाटावरच्या आहेत. त्यांना मासळीतलं काय कळणार? पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघावं लागेल. तुम्ही तरी सांगायचं होतंत, सर.”

मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, नुसती वाट बघणं होतं. मी कप बशीत गोल फिरवत राहिलो. कपाचा कान उजवीकडे होता तो डावीकडे आणला, मग परत उजवीकडे. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “बघतो मी.”

“चूक माझी आहे, सर,” मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या.

पोटातल्या तंगडीवर आता कपाचा कान येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमबरोबर किनाऱ्यावर गेलो. मुलांना नंतर यायला सांगितलं होतं. होडी जाळं टाकायला गेली होती. तांडेल एका ओंडक्यावर बसून दोराच्या गाठी तपासत होता आणि बाजूला त्याची सून जाळ्याचा फाटका भाग शिवत होती. मला बघून तो उठला.

“येवा मास्तरांनू. बसा. खुर्ची हाड गो.”

“नको. मी उभो रवतंय.”

“उभे कित्याक? पावणे तुमी.”

सुनेने खुर्ची आणून ठेवली. मी बसलो नाही. कामानिमित्त कुणाशी मी इतक्या वर्षांत मालवणी बोललो नव्हतो. ती घरची आणि गावची भाषा. पण जे सांगायचं होतं ते पुस्तिकेच्या भाषेत सांगता येण्यासारखं नव्हतं.

“बाईंची काय चूक नाय,” मी म्हणालो. “वाटो घेवचो नाय, तो नियम माझो.”

“खंयचो नियम?”

“सातवो.”

तांडेलाने सुनेकडे बघितलं. “काय गो, सातवो खंयचो? मासळेचो?”

“होय, तोच,” ती हातातली सुई न थांबवता म्हणाली. “आठवो सोप्या भाषेचो.”

मी तांडेलाकडे वळलो. “तुमी वाचलास?”

“मी खंयचो वाचतंय? हिणा वाचून दाखयल्यान. पोरां एक पुस्तक खुर्चेर विसरून गेली. जाळी शिवताना चार दिस वाचल्यान. बरा आसा.” त्याने हातातली गाठ ओढून बघितली. “हसाक येता.”

सुनेने जाळ्याखालून पुस्तिका काढली. तिला खवले चिकटले होते. “मास्तरांनू, ह्यां जरा सांगा माका. ‘समुदायातील घटकांशी संवाद साधताना क्लिष्ट परिभाषेचा अवलंब होणार नाही याची दक्षता घेण्यात यावी.’ म्हंजे काय?”

“म्हंजे, सोप्या भाषेत बोला.”

“मगे तसां लिवक काय झालां?”

मी मराठीचा प्राध्यापक आहे. मी तिच्या हातातल्या पुस्तिकेवरचा एक खवला नखाने काढला.

“आणि हयसर लाभार्थी म्हणान कोण आसा?” तांडेलाने विचारलं.

“ते... तुमी.”

“आमी? दोर आमचो, जाळा आमचा, तुमच्या पोरांका वडूक शिकवतंव आमी, आणि लाभार्थी पण आमीच?” तो मॅडमकडे वळला. “आणि ही बाय आमका सांगता, नियम तिचो. पुस्तकार नाव तुमचा. चार दिस आमी इचार करतंव, दोगांतलो खोटो कोण.”

मॅडमनी झटकन समुद्राकडे तोंड फिरवलं. त्यांना आमची बोली इतकी कळू लागली आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा दोष इथेही आपल्या अंगावर घेतला होता, हेही नव्हतं.

“खोटो मी,” मी म्हणालो.

“ता दिसताच आसा,” तांडेल म्हणाला, आणि त्याच्या सुनेला हसू आवरेना.

तेवढ्यात होडी दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन किनाऱ्याला लागली आणि ओढायला सुरुवात झाली. तांडेल निघाला. चार पावलांवर जाऊन त्याने मागे बघितलं. “बाय, तू ये.” मॅडम चपला काढून धावल्याच. मला त्याने काहीच सांगितलं नाही. मुलं आली, तीही दोराला लागली. मी त्या खुर्चीशेजारी उभा. जाळं बरंच जवळ आलं तेव्हा कुठे तो ओरडला, “मास्तरांनू, येतास काय खुर्ची राखतास?”

मी गेलो. दोर ओला, जड आणि खरबरीत. माझ्या मागे सून होती.

“मास्तरांनू, फळो पुसतास काय? पाय रोवा.”

मी पाय रोवले आणि पहिल्याच ओढीला बसलो. वाळूत, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर. कुणी खुर्ची आणली नाही, ह्याचा मला मनापासून आनंद झाला.

जाळ्यात तारले होते, थोडे बांगडे आणि मुठीमुठीने पेडवे. वाळूवर ढीग पडू लागले. तांडेल हाताने घालायचा, वजनाकाट्याने नाही, पण एक ढीग दुसऱ्याहून वेगळा दिसत नव्हता. मॅडमच्या पुढ्यात ढीग आला तेव्हा त्या माझ्याकडे बघून तांडेलाला म्हणाल्या, “घेते मी. पण मी खात नाही हो.”

“खा म्हणान कोणी सांगल्यान? घे. मगे शेजाऱ्याक दी, मांजराक घाल, तुझी मर्जी. पण वाटो घेतल्याबिगर दोराचो हात सुटणा नाय.”

मॅडमनी दोन बोटांनी पिशवी धरून ढीग आत घेतला. आणि मग त्या तशाच, पिशवी अंगापासून हातभर लांब धरून, वाळूकडे बघत राहिल्या. मला वाटलं, वास सहन होत नसेल.

“सर,” त्या म्हणाल्या, “हे सगळे ढीग सारखे आहेत.”

“हो.”

“आणि जितकी माणसं तितके ढीग.”

“हो.”

“म्हणजे सगळी मासळी भागिले सगळी माणसं. सर, ही सरासरीच आहे. ते रोज सकाळी वाळूवर सरासरी मांडून ठेवतात आणि आम्ही त्यांना विचारत बसलो, किती बांगडे आले म्हणून.” त्यांनी मुलांना हाक मारली. “वर्गात चार तास घालवले मी. इकडे या. सरासरी म्हणजे काय, सांगा.”

“वाटो,” किनाऱ्यावरची एक मुलगी म्हणाली. तिचा चेहरा असा, की हे विचारायचं काय त्यात.

“आणि त्या दिवशी आपण सतरा वाटे टाकून गेलो,” मॅडम म्हणाल्या. “ओढायला होतो, पण वाट्यात नव्हतो. म्हणजे आपण त्यांचं गणितच चुकवलं.”

तांडेलाला त्यातले शब्द किती कळले कोण जाणे, पण शेवटच्या वाक्याला त्याने मान हलवली. वाटे मोजा आणि एक वाटा तोलून बघा, की दिवसाचा आकडा तयार. पाच-पन्नासचा प्रश्न तिथेच मिटला.

माझा ढीग सर्वांत शेवटी आला. मी बघत राहिलो. तो इतरांच्या निम्मा होता.

“अर्धो वाटो,” तांडेल म्हणाला. “उशिरा लागलास दोराक.”

मॅडमनी वहीत लिहिलं. मी वाकून बघितलं. माणसांच्या रकान्यात माझ्यासाठी शून्य पूर्णांक पाच असं घातलं होतं.

“इलाज नाही, सर,” त्या म्हणाल्या. “नाहीतर सरासरी चुकेल.”

मॅडम त्या दिवशी बाजारातून चालत गेल्या तेव्हा त्यांच्यामागे मांजरांची मिरवणूक होती. घरमालकिणीने पिशवी दारातच घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नारळाच्या वड्या दिल्या. सातव्या नियमाप्रमाणे त्याही घेता आल्या नसत्या. मी माझा अर्धा वाटा घरी नेला. बायकोने विचारलं, एवढेच का, आणि मग मी तिला ‘कोणी केल्यान’ ह्या प्रश्नाचं आठ दिवस राहिलेलं उत्तर दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं, तारले धुतले आणि म्हणाली, “अर्धो? म्हंजे बरोच दिल्यान.”

अभिप्रायाचा कागद मी त्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तांडेलासमोर धरला. सत्राचे थोडेच दिवस उरले होते. तो म्हणाला, “महिनो होवंदे. वडल्याबिगर आमी काय लिवतलंव?” मग महिनाभर मुलं ओढत होती. मी शनिवारी जायचो. किनाऱ्यावर पोचेपर्यंत जाळं निम्मं ओढून झालेलं असायचं. शनिवारी सकाळी पहिला तास माझा असतो, हे कारण खरं आहे, पण तांडेलाने ते कधी मोजलं नाही. पाचही शनिवार मला अर्धाच वाटा मिळाला.

आणखी एक काम त्याने माझ्याकडून करून घेतलं. कक्षात पुस्तिकेच्या जेवढ्या प्रती उरल्या होत्या त्या सगळ्या किनाऱ्यावर आणायला लावल्या आणि त्याच्या समोर बसून प्रत्येकीतला सातवा नियम पेनाने खोडायला लावला. त्याच्या जागी काय लिहायचं ह्यावर जाळी शिवणाऱ्या चार बायकांनी बराच खल केला. शेवटी ठरलं ते असं: ‘काम केलं असेल तर वाटा घ्यावा. काम केलं नसेल तर मागू नये.’ माझ्या चाळीस पानांत सरळ वाक्य तेवढं एकच आहे. लिहिताना बसायला मी खुर्ची मागितली. तांडेल म्हणाला, “खुर्ची कित्याक? वाळू आसा.”

महिना भरला. मॅडमनी आकड्यांचा कागद तांडेलाला दिला. तो त्याने घडी करून खिशात ठेवला आणि दर दोन मिनिटांनी आहे ना म्हणून चाचपून बघितला. मग अभिप्रायाचा कागद मागून घेतला, सुनेला मजकूर सांगितला आणि खाली स्वतः सही केली, एकेक अक्षर ओढून ओढून. कागदाची घडी मॅडमच्या हातात देताना म्हणाला, “हयसर वाचू नको. हापिसात वाच.”

तो हापिसातच वाचला गेला. सत्राच्या शेवटच्या आढाव्याला मॅडम होत्या, मी होतो, चहा होता. प्राचार्यांनी फाइल उघडली. तक्ते बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. तक्ते खरंच सुरेख झाले होते. मग त्यांनी अभिप्रायाचा कागद उलगडला. रकान्यावर छापलं होतं, ‘सहभागी घटकांच्या योगदानाबाबत समुदाय प्रतिनिधीचे मत’. हा मथळाही माझाच. खाली सुनेच्या गोल अक्षरात तीन ओळी होत्या. प्राचार्यांनी त्या मोठ्याने वाचल्या.

“पोरां बरी वडतत. बाई मोजताना चुकणा नाय. सर उशिरा येतत.”

त्यांनी कागद खाली ठेवला, पुन्हा तक्ता बघितला आणि शनिवारच्या रकान्यांवर बोट ठेवलं. “हे दर शनिवारी शून्य पूर्णांक पाच कोण आहे?”

ह्या वेळी मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर कुठे काही दिसतंय का ते बघत होत्या. माझा हात कपाच्या कानावर गेलाच होता. मी तो काढून घेतला, कपबशी टेबलावर नीट ठेवली आणि सातव्या नियमापासून सुरुवात केली.